‘आधी यंत्रं, मग संशोधन’ या म्हणण्याला उत्तर

सांगली-साताऱ्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल बोलणं निघालं आणि त्यात कुणी क्लिनिकल संशोधनाचा विषय काढला, की उत्तर ठरलेलं असतं. ‘वॉर्मर पुरत नाहीत, एकेका सिस्टरकडे किती बाळं असतात ते येऊन बघा, आणि तुम्ही संशोधनाच्या गोष्टी करता? आधी यंत्रं द्या, माणसं द्या. संशोधन दिल्लीला, अमेरिकेला होऊ द्या. तिकडे जे निघेल ते आम्ही वापरू.’ याच सुरात सूर मिसळून कार्यकर्ते म्हणतात, ‘गोरगरिबांची पोरं काय प्रयोगाचे उंदीर आहेत?’ आणि नातेवाइकांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या मनात तिसरं एक वाक्य असतं: ‘पेटीत ठेवलेलं पोर जगलं, घरी गेलं, आणखी काय पाहिजे?’

हे बोलणाऱ्यांची कळकळ खरी आहे. त्यांतले कित्येक जण रात्र रात्र त्या बाळांपाशी उभे असतात. पण त्यांचं म्हणणं चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत बाळाच्या फुप्फुसांना मोजावी लागते. म्हणून हा प्रतिवाद.

मुळात आजार कोणता, ते आधी पाहू. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं सगळ्यांत शेवटी तयार होतात. हवा भरणारे बारीक फुगे साधारण 36 व्या आठवड्याच्या सुमारास आकार घेऊ लागतात आणि जन्मानंतरही काही वर्षं वाढत राहतात. 28 व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाकडे असे फुगे नसतात, असतात त्या जाड भिंतींच्या पिशव्या. त्या उघड्या ठेवणारा सर्फॅक्टंट नावाचा पातळ थरही पुरेसा नसतो. म्हणून बाळ कण्हतं, श्वासागणिक त्याच्या बरगड्या आत ओढल्या जातात. मग नाकावाटे दाबाने हवा देणारा सीपॅप, व्हेंटिलेटर, ऑक्सिजन. बाळ वाचतं. पण यंत्राचा दाब, जादा ऑक्सिजन आणि जंतुसंसर्ग यांनी फुप्फुसाची वाढ तिथेच अडखळते. 36 आठवडे भरले तरी ऑक्सिजन सुटत नाही. या अवस्थेला डॉक्टर ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेशिया, थोडक्यात बीपीडी म्हणतात. अशा बाळाला पुढे साधी सर्दी झाली तरी छाती भरते. दूध पिताना धाप लागते, वजन वाढत नाही, कारण खाल्लेलं सगळं श्वास घेण्यातच खर्च होतं.

आता ‘आधी यंत्रं’वाल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा आजार यंत्रांबरोबरच आला. 1967 साली विल्यम नॉर्थवे आणि त्यांच्या स्टॅनफर्डच्या सहकाऱ्यांनी 32 बाळांच्या नोंदींवरून त्याचं पहिलं वर्णन केलं. ही बाळं पूर्वी पहिल्या काही दिवसांत दगावली असती. व्हेंटिलेटर आणि भरपूर ऑक्सिजन मिळाल्यामुळे ती तगली, आणि त्यांच्या एक्स-रेमध्ये डॉक्टरांना पूर्वी कधी न दिसलेली चट्टे पडलेली, चोंदलेली फुप्फुसं दिसू लागली. व्हेंटिलेटर आणू नये, असा याचा अर्थ कुणी काढू नये. अर्थ इतकाच की यंत्राने काय होतं ते कुणीतरी बसून, मोजून, वर्षानुवर्षं पाहावं लागतं. ते नॉर्थवे यांनी पाहिलं म्हणून आजार कळला. यंत्र आणि नोंदवही यांत आधी-नंतर लावणं म्हणजे बाळाला औषध देऊन मागे वळूनही न बघणं.

ऑक्सिजनचीच कथा घ्या. 1940 च्या दशकात अमेरिकेत नवी, हवाबंद इनक्युबेटर आली आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मुक्तहस्ते ऑक्सिजन दिला जाऊ लागला. बाळाचा रंग गुलाबी होई, सगळ्यांना बरं वाटे. पुढे त्यांतली मुलं आंधळी होऊ लागली. जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली असं मानलं जातं. कारणांबद्दल तर्क खूप झाले. शेवटी 1953-54 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांनी मिळून चाचणी केली, तेव्हा दोष ऑक्सिजनच्या माऱ्याचा आहे हे पक्कं झालं. पण कथा इथे संपली नाही, आणि मला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘ऑक्सिजन वाईट’ एवढाच अर्धा धडा घेऊन डॉक्टरांनी तो सरसकट 40 टक्क्यांच्या आत आणला. ही मर्यादा नेमकी कुठून आली, ती कुणी तपासली, हे विचारलं गेलं नाही. 1973 मध्ये केनेथ क्रॉस यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हिशोब मांडला: अंधत्वापासून वाचलेल्या एकेका बाळामागे सुमारे सोळा बाळं ऑक्सिजनअभावी मेली असावीत. जास्त दिला तर डोळे आणि फुप्फुसं जातात, कमी दिला तर जीव जातो. मधली वाट अंदाजाने सापडत नाही. ती शोधायला पुढे हजारो बाळांच्या मोठ्या चाचण्या लागल्या, आणि आज रक्तातल्या ऑक्सिजनसाठी जे 90 ते 95 टक्के सॅच्युरेशनचं लक्ष्य सांगितलं जातं ते त्या चाचण्यांतून आलं.

हे सगळं अमेरिकेचं झालं, असं कुणी म्हणू नये. 1996 साली चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची एक मुलगी जन्मली. ऑक्सिजन दिला गेला, पण डोळ्यांची तपासणी वेळेत करायला कुणी सांगितलं नाही. ती अंध झाली. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला सुमारे 1 कोटी 80 लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. 1954 सालचं ज्ञान 1996 सालच्या बाळापर्यंत पोचलं नव्हतं. ‘तिकडे निघेल ते आम्ही वापरू’ म्हणणाऱ्यांनी या बेचाळीस वर्षांचं काय ते सांगावं.

आणि आज? जिल्ह्यातल्या एखाद्या नवजात विभागात उभं राहून भिंतीवरचा फ्लोमीटर बघा. खाली पाण्याच्या बाटलीत बुडबुडे, वर काचेच्या नळीत छोटी गोळी एक लिटर, दोन लिटरच्या रेघेवर तरंगते. तिथून निघालेली नळी बाळाच्या नाकाशी. बाळाच्या फुप्फुसात किती टक्के ऑक्सिजन चालला आहे? गोळी लिटर सांगते, टक्के सांगत नाही. टक्के ठरवायला हवा आणि ऑक्सिजन मापून मिसळणारा ब्लेंडर लागतो, आणि ब्लेंडरला दाबाखालची स्वच्छ हवा लागते. तो नसेल आणि सीपॅपची नळी थेट भिंतीच्या ऑक्सिजनला जोडली असेल, तर त्या बाळाला जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन मिळतो आहे. मी पाहिलेल्या अशा एका विभागात पायाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा होता 100. आजी खुश होती. शंभर म्हणजे पैकीच्या पैकी. पण सॅच्युरेशन शंभरला टेकलं की रक्तातला ऑक्सिजनचा दाब पुरेसा आहे की दुपटी-तिपटीने जास्त आहे, हे ते यंत्र सांगूच शकत नाही. अपुऱ्या दिवसांच्या, ऑक्सिजनवर असलेल्या बाळाचा आकडा शंभर दिसला तर सिस्टरने तो खाली आणायला धावलं पाहिजे.

2021 च्या कोविड लाटेनंतर जिल्हा रुग्णालयांत पीएसए ऑक्सिजन प्लांट उभे राहिले. हवेतून साधारण 93 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन तयार करणारी ही यंत्रं. मोठ्या माणसांचे जीव त्यांनी वाचवले, ते चांगलंच झालं. पण नवजात विभागात भरपूर ऑक्सिजन आणि मोजणी शून्य, हा 1940 च्या दशकातल्या इनक्युबेटरचाच मामला आहे. ‘आधी यंत्रं’ या मागणीत कोणतं यंत्र, याचं उत्तर कुठून येणार? प्रत्येक बाळाला रोज किती टक्के ऑक्सिजन दिला, 36 व्या आठवड्यात कितींचा सुटला नाही, कितींचे डोळे तपासले, हे लिहिलेलं असेल तर तो विभाग पुराव्यानिशी म्हणू शकेल की आम्हाला दहावा व्हेंटिलेटर नको, चार ब्लेंडर द्या. त्या नोंदी नसतील तर जे टेंडरमध्ये असेल ते येईल.

आता दुसरा भाग, ‘तिकडे निघेल ते आम्ही वापरू’. याचं सर्वांत बोलकं उत्तर सांगलीच्या शेजारी, बेळगावात आहे.

मुदतीआधी प्रसूती होणार असेल तर आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिल्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्येच दाखवलं. श्रीमंत देशांत हे पुढे सर्वमान्य झालं, तरी त्याला 1994 उजाडावं लागलं. मग विचार झाला की हेच खेड्यात न्यावं, स्वस्त डेक्सामेथासोन, चार इंजेक्शनं, सहज जमणारं. भारत सरकारने जून 2014 मध्ये मार्गदर्शक सूचना काढून उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टरलाही पहिला डोस देण्याची मुभा दिली. त्याच सुमारास सहा देशांतली एक मोठी चाचणी पूर्ण होत आली होती. तिचं नाव एसीटी, आणि भारतातली तिची ठिकाणं होती बेळगाव आणि नागपूर. सुमारे एक लाख जन्मांची ही चाचणी. निकाल आला तेव्हा सगळे हबकले. सर्वांत कमी वजनाच्या बाळांच्या मृत्यूत फरक पडला नव्हता, आणि एकूण नवजात मृत्यू उलट वाढले होते: स्टिरॉइडचा प्रसार केलेल्या भागात दर हजार जिवंत जन्मांमागे 27.4, इतर भागात 23.9. आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही जास्त.

सिद्ध झालेलं औषध इथे का उलटलं? एक कारण असं की इंजेक्शन घेतलेल्या बऱ्याच बायकांची प्रसूती मुदतीआधी झालीच नाही. नेमके किती आठवडे भरलेत हे माहीत नसताना औषध दिलं गेलं. आपल्याकडे अजून घरोघरी ऐकू येतं की सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. हे साफ खोटं आहे. पोटातला एकेक आठवडा फुप्फुसाच्या कामी येतो, आणि आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा केव्हाही सशक्त. पण ही समजूत टिकते, कारण आठवडे मोजायची सवयच नाही. पाळीची तारीख आठवत नाही, पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी झालेली नाही, आणि त्या अंदाजावर आपण श्रीमंत देशांतला उपचार टोचतो.

मग पुढची चाचणी झाली, ॲक्शन. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांतल्या 29 रुग्णालयांत, 2,852 महिलांवर. तिच्यातही बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे संशोधक होते. या वेळी दोन अटी होत्या: सोनोग्राफीने आठवडे नक्की करायचे, आणि बाळाला सांभाळण्याची बऱ्यापैकी सोय असलेल्या रुग्णालयातच औषध द्यायचं. 2020 मध्ये निकाल आला: ज्यांच्या आयांना औषध मिळालं त्या बाळांत मृत्यू 19.6 टक्के, इतरांत 23.5. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवली. तेच औषध, तसलेच गरीब देश. एका रीतीने दिलं तर उपयोग नाही आणि वर अपाय, दुसऱ्या रीतीने दिलं तर बाळं वाचली. हे बोस्टनमध्ये बसून कळलं असतं का? आज माण-खटावच्या एखाद्या आईला हे इंजेक्शन योग्य वेळी, योग्य जागी मिळतं, त्यामागे बेळगावच्या परिसरातल्या आयांनी दिलेली संमती आहे.

आता ‘उंदीर’ या आरोपाकडे येतो. तो मी झटकून टाकणार नाही. ऑगस्ट 2008 मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं की दिल्लीच्या एम्समध्ये अडीच वर्षांत 42 चाचण्यांत 4,142 मुलं सामील होती आणि त्यांतली 49 दगावली. देशभर मथळे झळकले, प्रयोगात 49 बाळांचा बळी. एम्सचं म्हणणं होतं की ही मुलं मुळातच गंभीर आजारी होती. त्या मथळ्यांत एक प्रश्न कुणी विचारला नाही: चाचणीबाहेरच्या तशाच आजारी मुलांपैकी किती गेली? ती तुलना असल्याशिवाय 49 हा आकडा काही सिद्ध करत नाही, ना चाचणीचा दोष, ना निर्दोषपणा. पण त्या मथळ्याने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या डॉक्टरांना एक धडा मात्र दिला: नोंद ठेवाल, नाव येईल. नोंद न ठेवता बाळ गेलं तर ती देवाची मर्जी.

तपासल्याशिवाय दिलेला उपचार हाही प्रयोगच असतो. फक्त त्याला संमतिपत्र नसतं, देखरेख समिती नसते, आणि निकाल कधीच लागत नाही. बीपीडीच्या इतिहासात याचा सर्वांत वेदनादायक दाखला म्हणजे जन्मानंतर बाळालाच दिलेलं डेक्सामेथासोन. 1980-90 च्या दशकांत ते जगभर सर्रास वापरलं गेलं. औषध दिलं की बाळ दोन-तीन दिवसांत व्हेंटिलेटरवरून निघे. डोळ्यांसमोर दिसणारा गुण, आणखी काय पुरावा हवा? चाचणीतल्या बाळांचा पुढे काही वर्षं पाठपुरावा झाला तेव्हा कळलं की पहिल्या दिवसांत हे औषध मिळालेल्यांत सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण जास्त आहे. 2002 मध्ये अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञ संघटनांनी मिळून सांगितलं, सर्रास वापर थांबवा. ज्या बाळांना ते चाचणीबाहेर, चांगल्या हेतूने दिलं गेलं, त्यांचा पाठपुरावा कुणी केला? त्यांच्या आयांना आजही माहीत नसेल.

अलीकडचंच उदाहरण घ्या. 2016 मध्ये तैवानच्या संशोधकांनी सर्फॅक्टंटमध्ये बुडेसोनाइड हे स्टिरॉइड मिसळून श्वासनलिकेत दिलं. 265 बाळांच्या त्या चाचणीत मृत्यू किंवा बीपीडीचं प्रमाण 66 टक्क्यांवरून 42 वर आलं. इतका मोठा फरक पाहून अनेक ठिकाणी वापर सुरू झाला. 2024 च्या शेवटी ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने झालेल्या, 1,059 बाळांच्या ‘प्लस’ चाचणीचा निकाल आला: बीपीडीशिवाय जगलेली बाळं बुडेसोनाइड मिळालेल्यांत 25.6 टक्के, इतरांत 22.6, म्हणजे सांगण्याजोगा फरक नाही. याउलट कॅफीन. अपुऱ्या दिवसांची बाळं श्वास घ्यायला विसरतात म्हणून त्या जातीची औषधं 1970 च्या दशकापासून अंदाजाने दिली जात होती. 2006 साली बार्बरा श्मिट यांच्या 2,006 बाळांच्या चाचणीत बीपीडी 47 टक्क्यांवरून 36 वर आलेला दिसला, आणि पुढच्या पाठपुराव्यात सेरेब्रल पाल्सीही कमी. एक औषध आशा दाखवून फोल ठरलं, दुसरं अपेक्षेपेक्षा गुणाचं निघालं. खाटेशेजारी उभं राहून, नुसत्या अनुभवावर, यांतलं कोणतं कोणतं हे कुणीही सांगू शकलं नसतं. मी इथे अनुभवी डॉक्टरांचा अवमान करत नाही. निसर्ग त्यांना एका वेळी एकच बाळ दाखवतो, एवढंच.

आपल्या देशातही देखरेख कशी चालते ते पाहा. परदेशी सर्फॅक्टंट महाग, म्हणून बकरीच्या फुप्फुसातून देशी सर्फॅक्टंट तयार करण्यात आलं. स्वस्त, स्वदेशी, सगळ्यांना हवंहवंसं. एम्सच्या पुढाकाराने त्याची चाचणी झाली, आणि स्वतंत्र देखरेख समितीने पहिल्याच आढाव्यानंतर ती थांबवायला सांगितली, कारण निकालांत अनपेक्षित फरक दिसत होता. चाचणी नसती तर ते स्वस्त आहे म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलं असतं.

आरोप करणाऱ्यांचं एक मात्र मी पूर्ण मान्य करतो. संमती. सिझर होऊन काही तास झालेल्या बाईपुढे छापील कागद धरून अंगठा घेणं ही संमती नव्हे. नवरा, सासरा, गावचा कुणी शिकलेला यांनी तिच्या वतीने मान डोलावणं हीही नव्हे. कागद मराठीत हवा, जतच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांसाठी कन्नडमध्ये हवा, आणि तो वाचून दाखवला पाहिजे. ‘नाही’ म्हटलं तरी उपचारात तसूभर फरक पडणार नाही, हे दोनदा सांगितलं पाहिजे. इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद 2019 च्या औषध चाचणी नियमांत आहेच. ती आईला माहीत असली पाहिजे. ‘उंदीर’ म्हणणारे कार्यकर्ते हे सगळं नीट होतंय का हे पाहायला नैतिकता समितीत बसले, तर मी त्यांचं स्वागत करीन. पण जिल्ह्यात संशोधनच नको, ही त्यांची मागणी बाळांचं रक्षण करत नाही.

‘संशोधन हे मोठ्या शहरांचं काम’ म्हणणाऱ्यांना मी सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीची आठवण करून देतो. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय काढलं, आणि पुढे या वाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं. क्षय म्हणजे महिनोन्महिने आरोग्यधामात पडून राहायचं, मोकळी हवा, सकस अन्न, हा तेव्हा जगभरचा नियम. तो मोडला मद्रासने. 1956 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या क्षयरोग केंद्राने दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांतल्या रुग्णांची चाचणी घेतली: निम्मे आरोग्यधामात, निम्मे आपल्याच घरात, औषधं तीच. 1959 मध्ये निकाल आला की घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि घरच्यांना जादा लागणही झाली नाही. जगभरची आरोग्यधामं त्यानंतर हळूहळू बंद झाली. हा निष्कर्ष स्वित्झर्लंडमध्ये निघाला नसता. तिथे ती घरंच नव्हती.

आणि बीपीडीच्या बाळाचं घर हाच तर आपल्याकडचा सर्वांत मोठा, न तपासलेला प्रश्न आहे. दसऱ्याच्या मागेपुढे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या रेठरे, साखराळे, भुईंज अशा कारखान्यांच्या हद्दीत येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे गरोदर बाईलाही फडात जावं लागतं. दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या उचलायच्या. त्यांतल्या एखादीला सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या, बाळ सिव्हिलला किंवा मिरजेला गेलं, सीपॅपवर राहिलं, आणि पाच-सहा आठवड्यांनी दीड-पावणेदोन किलोचं होऊन सुटलं. कुठे? कोपीत. पाचटाचं, प्लॅस्टिकचं छप्पर, आत वाकून जावं लागतं. दाराशी तीन दगडांची चूल, ओलं सरपण. तोडणी संपलेल्या शेजारच्या फडात पाचट पेटवलेलं, संध्याकाळी धूर जमिनीलगत बसतो. ज्या फुप्फुसाचे फुगे अजून तयार होताहेत, त्याला हा धूर दिवसरात्र. आठ दिवसांनी टोळी दुसऱ्या गावच्या फडात. आशाताई जुन्या ठिकाणी जाऊन परत येते. मार्च-एप्रिलमध्ये टोळी गावी, आणि ते बाळ दोन्ही जिल्ह्यांच्या कागदांतून गायब. त्याला पुढच्या थंडीत न्यूमोनिया झाला, ते कुठे दाखल झालं, जगलं का, कुणाला ठाऊक नाही. ‘घरी गेलं, आणखी काय पाहिजे?’ या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही बीपीडी अभ्यासात कोपी नाही. ती असणार ती सांगलीच्या आणि साताऱ्याच्या अभ्यासातच.

‘पण हे करणार कोण?’ माणसं आहेत. मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, 1962 पासून. सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे, कराडला कृष्णा आहे, साताऱ्यात नवं सरकारी कॉलेज सुरू झालं आहे. बालरोगशास्त्रात एम.डी. करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. म्हणजे या पट्ट्यात दरवर्षी बाळांवर अभ्यास होतोच आहे. पण तो एकेकट्याचा, एका रुग्णालयापुरता, पन्नास-शंभर बाळांचा, आणि पदवी मिळाली की ग्रंथालयाच्या कपाटात. चारही संस्थांनी एकच प्रश्न घेतला, एकच तक्ता भरला, भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदणीत आधी नाव घातलं, आणि एकाचा विद्यार्थी जिथे थांबेल तिथून पुढच्याने उचललं, तर जादा पैशाशिवाय बरंच काही होईल.

आणि ‘आधी यंत्रं’ म्हणणाऱ्यांना माझा खास प्रस्ताव आहे. ब्लेंडर, स्वच्छ हवेचे काँप्रेसर, अलार्म असलेले ऑक्सिमीटर सगळ्या नवजात विभागांत एका दिवसात येणार नाहीतच. निधी टप्प्याटप्प्याने येतो. आज तो टप्पा कुणाच्या तरी ओळखीवर ठरतो. तो चिठ्ठी टाकून ठरवा. पहिल्या तिमाहीत कोणता विभाग, दुसऱ्या तिमाहीत कोणता. यंत्र येण्याआधी आणि आल्यानंतर प्रत्येक विभागात तीच मोजणी करा: दिलेल्या ऑक्सिजनचे टक्के, 36 व्या आठवड्यातली अवस्था, डोळ्यांची तपासणी, मृत्यू. एकाही बाळाला मिळणारं यंत्र यात लांबत नाही. शेवटी सगळ्यांनाच मिळतं. आणि वर्ष-दीड वर्षात महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्याला सांगता येईल की या यंत्राने फुप्फुसं वाचतात की नाही. यंत्रं आणि संशोधन एकाच पैशात होतात.

घरच्या पाठपुराव्यासाठी आईच्या हातात एक कार्ड द्या. त्यावर जन्मावेळचे आठवडे सोनोग्राफीच्या तारखेसह, आईला स्टिरॉइड कधी मिळालं, ऑक्सिजन किती दिवस लागला, डोळे कधी तपासले, आणि टोळीच्या मुकादमाचा मोबाइल नंबर. हो, मुकादमाचा. टोळी कुठे आहे हे तो सांगतो, आरोग्य खात्याचा कुठलाही पत्ता सांगत नाही. साखर कारखान्याच्या शेतकी खात्याकडे कोणती टोळी कोणत्या फडात आहे याची रोजची यादी असते. ती यादी त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळाली, तर आशाताई रिकाम्या कोपीपुढून परत येणार नाही, आणि बाळ गावी गेलं की तिकडच्या केंद्राला फोन करता येईल. कारखान्यांचे बॉयलर दसऱ्याच्या सुमारास पेटतात. चारही कॉलेजांच्या नैतिकता समित्यांनी त्याआधी एकदा एकत्र बसून हा तक्ता आणि संमतिपत्राचा मराठी-कन्नड मसुदा मंजूर केला, तर पहिली नोंद याच हंगामात सुरू होऊ शकते.